पाठलाग करणारी दया

आज संध्याकाळचे दोन तास डिजिटल बायबल लायब्ररीत कसे गेले कळलंच नाही. स्तोत्र २३ चं शेवटचं वचन घेऊन बसले होते, चांगुलपणा आणि दया आयुष्यभर माझ्या मागे येतील असं सांगणारं. आधी सर्चमध्ये नुसतं 'दया' टाकलं तर रिझल्टचा ढीग, प्रवचनं, लेख, सगळं एकत्र, काही सुधरेना. मग थेट २३:६ टाकलं आणि फिल्टरमध्ये फक्त इंटरलिनियर (मूळ शब्दाखाली त्याचा अर्थ देणारी आवृत्ती) ठेवलं, तेव्हा कुठे हिब्रू शब्द समोर आले. दयेसाठी तिथे 'हेसेद' आहे, स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीतला नंबर २६१७. जेम्स स्ट्राँगने १८९० मध्ये छापलेले हे नंबर आजही प्रत्येक शब्दाला चिकटलेत, हिब्रू येत नसलं तरी त्यावरून शब्दकोशात जाता येतं, केवढी मोठी सोय आहे ही!

पण खरी थांबले ती क्रियापदावर. ७२९१, 'रादाफ'. म्हणजे पाठलाग करणं. नंबरवर क्लिक केलं तर तोच शब्द बायबलमधल्याच निर्गमच्या पुस्तकात, अध्याय १४ मध्ये, फारोचं म्हणजे इजिप्तच्या राजाचं सैन्य इस्राएलांच्या मागे लागतं तिथे. मागे लागणं तेच, पण इथे मागे येतेय ती दया! लहानपणापासून पाठ असलेलं वचन, आणि आज डोळे भरून आले. आता हेसेद रूथच्या पुस्तकात कुठे कुठे आलाय ते बघतेय.