उरलेल्या सेटचा हिशेब

सामना अर्धवट राहिला तर बक्षीस कसं वाटायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुट्टीत गावात व्हॉलीबॉलची स्पर्धा भरते. अंतिम सामना पाच सेटचा असतो, तीन सेट जिंकेल तो विजेता. एक संघ २-१ ने पुढे असताना वळवाचं वादळ उठतं. लाइट जाते, मांडवाचं कापड फाटतं आणि रावेर-यावलकडचे खेळाडू बागेतली केळी आडवी झाली का ते बघायला धावतात. पहिलं बक्षीस ११,००० रुपये, दुसरं ७,०००. आता वाटायचं कसं?

खेळता येत असेल तर आधी खेळाच. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की खंड एकूण चार तासांच्या आतला असेल आणि मैदान तेच असेल, तर गुण होते तिथूनच सामना पुढे चालतो. त्याहून जास्त खंड पडला तर सगळा सामना नव्याने. पण शिरपूर-चोपड्याहून गाडी करून आलेला संघ दुसऱ्या दिवशी पुन्हा येत नाही. मग वाटणी करावीच लागते.

पंच मंडळींच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते ‘दोन सेट, एक सेट, मग दोनास एक’. एकूण १८,००० चे १२,००० आणि ६,०००. आकडे नीट बघा. पुढे असलेल्या संघाला सामना जिंकूनही ११,००० च मिळणार होते, तो अर्धवट सोडल्यावर १२,००० मिळाले. मागे असलेल्याला हरूनही ७,००० मिळणार होते, त्याच्या हातात ६,०००. यात दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी की सगळी रक्कम पणाला लागलेलीच नसते. अंतिम फेरीत आल्यामुळे ७,००० दोघांचेही पक्के झाले आहेत. वाद फक्त मधल्या ४,००० चा आहे.

दुसरी चूक जुनी आहे. इटलीत लुका पाचोली यांनी १४९४ साली छापलेल्या गणिताच्या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आणि जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सांगितली. तिथलेच गणिती तार्ताल्या यांनी १५५६ मध्ये त्यातली खोट दाखवली : एकच डाव झाला असेल आणि गुणफलक १-० असेल, तर या रीतीने सगळा पैसा एकाच्याच घरात जातो. योग्य वाट सापडली ती १६५४ साली, फ्रान्समध्ये पास्कल आणि फेर्मा या गणितींच्या पत्रांत. झालेले डाव मोजू नका, जिंकायला किती उरलेत ते मोजा, हे त्या पत्रव्यवहाराचं सार.

आपल्या सामन्यात पुढच्या संघाला एक सेट हवा, मागच्याला दोन. चौथा सेट खेळला गेला असता तर? पुढचा संघ जिंकला तर पूर्ण ४,००० त्याचे. हरला तर २-२, म्हणजे कुणाचंच पारडं जड नाही, प्रत्येकी २,०००. दोन्ही शक्यता सारख्या धरल्या तर ४,००० आणि २,००० यांची सरासरी ३,०००. मागच्याला उरले १,०००. अंतिम वाटणी : १०,००० आणि ८,०००. उलटीकडून, शेवटाकडून मागे येत जायचं, एवढीच युक्ती.

तीच पायरी आणखी मागे नेली की २-० असताना पुढच्याचा वाटा फरकाच्या सात-अष्टमांश येतो, म्हणजे ३,५००. आणि १-० असताना अकरा-सोळांश, म्हणजे २,७५०. १-१ आणि २-२ ला अर्धं-अर्धं.

इथे एक शंका हमखास येते : चौथा सेट जिंकला तर पाचवा होणारच नाही, मग शक्यता तीनच, त्यांतल्या दोन पुढच्याच्या, तर वाटा दोन-तृतीयांश का नाही? पास्कल यांच्याच काळातले गणिती रोबेर्व्हाल यांनीही याच धर्तीचा आक्षेप घेतला होता. पण त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. चौथ्यातच जिंकण्याची शक्यता निम्मी आहे, बाकीच्या दोन पाव-पाव. अर्धा अधिक पाव म्हणजे पाऊणच.

खरी डोकेदुखी असते अर्धवट राहिलेल्या सेटची. चौथ्या सेटमध्ये मागचा संघ २०-११ ने पुढे असताना वारं सुटलं, तर ‘तो सेट रद्द’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. एकेका गुणाचा हिशेब करता येतो, पण समोरून आलेली सर्व्हिस परतवणारी बाजू जास्त वेळा गुण मिळवते, त्यामुळे तिथे निम्मं-निम्मं धरून भागत नाही. अशा वेळी फक्त त्या सेटपुरती शक्यता दोन्ही कर्णधारांनी ठरवावी. समजा ‘चारात तीन वेळा मागचा संघ हा सेट घेईल’ असं ठरलं. मग पुढच्याचा वाटा ४,००० चा पाव आणि २,००० चा पाऊण, मिळून २,५००. ३,००० वरून ५०० उतरले, ते मला रास्त वाटतात.

संघाच्या ताकदीवरून सेटची शक्यता कमी-जास्त धरावी का? गणितात धरता येते. साठ टक्के धरली तर ३,००० चे ३,३६० होतात. पण स्पर्धेत हे करू नये असं माझं ठाम मत आहे. गेल्या वर्षीचे निकाल, कोण जखमी, कुणाचा मुख्य स्मॅशर आलाच नाही, या चर्चेला अंत नसतो, आणि मैदानात उतरताना दोघांनी शून्यावरूनच सुरुवात मान्य केलेली असते.

कुस्तीच्या फडात निकाली कुस्ती असेल तर मात्र ही रीत चालत नाही. चितपट होईपर्यंत ‘किती उरलं’ हे मोजायला काहीच नसतं. तिथे बरोबरीत सोडवून इनाम निम्मं करणंच बरं.

पत्रक छापतानाच एक ओळ घाला : ‘सामना पूर्ण न झाल्यास दुसऱ्या बक्षिसाइतकी रक्कम दोघांना, उरलेला फरक राहिलेल्या सेटच्या हिशेबाने.’ आणि दोन बक्षिसांतला फरक १६ ने भाग जाईल असा ठेवा. ११,००० आणि ७,००० चालतात, ५,००० आणि ३,००० सुद्धा. ५,००१ आणि ३,००१ लाही हरकत नाही, फरक तोच २,००० राहतो आणि एक सोळांश बरोबर १२५ रुपये येतो.