साक्षीदाराचा रकाना

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. गावात हे नाव कोणाच्या तोंडी नाही, मला ‘चष्म्याचे डॉक्टर’ म्हणतात. मोतीबिंदूची तपासणी, शाळेतल्या मुलांचे डोळे, ऑगस्टअखेरचा नेत्रदान पंधरवडा, हे माझं काम. अवयवदानाची नोंदणी त्यातूनच अंगावर आली. नेत्रदानाचा अर्ज भरणारा माणूस हमखास विचारतो, “साहेब, बाकीचंही देता येते का?”

गेल्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी कबड्डीचे सामने होते. पासष्ट किलो वजनगट, रात्रीचे सामने. जिल्हा परिषद शाळेमागच्या मैदानावर पोरांनी माती चाळून, पाणी मारून, दाबून घेतली होती. चुन्याच्या रेघा, चार कोपऱ्यांत हॅलोजन, आणि कडेनं लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर दुपट्टे गुंडाळून बसलेली माणसं. कापसाची वेचणी आटोपत आली होती, तुरी घरात येत होत्या, त्यामुळे गर्दी भरपूर. गुणलेखकाच्या शेजारी मंडळानं मला एक टेबल दिलं होतं.

ओपीडी सोडून मैदानावर जायचं एक साधं कारण आहे. माझ्याकडे येतात ती साठीच्या पुढची माणसं. डोळे त्यांचेही चालतात, वयाची अट नाही, चष्मा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो. पण मरणानंतर हृदय, यकृत, किडनी घ्यायची तर माणूस मेंदूमृत व्हावा लागतो, म्हणजे मेंदू कायमचा बंद पण हृदय चालू, तोही व्हेंटिलेटरवर, दवाखान्यात. आमच्या भागात अशी वेळ बहुतेक तरण्या पोरांवरच येते, रात्रीच्या रस्त्यावर, मोटरसायकलवरून. ही पोरं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. कबड्डीला मात्र दहा गावांहून येतात.

त्या रात्रीचे मुख्य पंच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवणारी मंडळी याच संस्थेची, हे ते दर सामन्याला सांगतात आणि सांगावंही. मध्यंतराला त्यांनी माइक घेतला. “पोट्टेहो, जुन्या कबड्डीचे तीन प्रकार. संजीवनी, गामिनी, अमर. आज आपण खेळतो थे संजीवनी. समोरचा एक गडी बाद केला का आपला बाद झालेला एक गडी उठून उभा राह्यते. हे साहेब तेच सांगाले आले हायेत.” इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. टेबलापुढे रांग लागली.

प्रश्न नेहमीचेच. पुढच्या जन्मी आंधळा होईन का? डोळे काढले की चेहरा बिघडते का? मी सांगत होतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम, घरी येऊन करतात, पापण्या नीट मिटलेल्या असतात, चेहऱ्यावर काही कळत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवायचं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. एकानं विचारलं, घरी मरण आलं तर किडनी देता येते का. नाही. हृदय थांबून घरी मरण आलं तर डोळे देता येतात, किडनी नाही. हा फरक लोकांना सांगितलाच जात नाही, नुसतं ‘अवयवदान करा’ म्हणून पोस्टर लागतं.

नोंदणी हल्ली मोबाईलवर आधारच्या ओटीपीनंही होते, पण त्या मैदानावर रेंज नव्हती. म्हणून कागदाचा अर्ज, नमुना सात. त्यात खाली दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक असला पाहिजे. ही अट १९९४ च्या कायद्यातच आहे. रांगेतली पोरं काय करत होती? एक भरायचा, मागचे दोघं सह्या ठोकायचे. नात्याच्या जागी ‘भाऊ’. मित्र म्हणजे भाऊच, असं त्यांचं म्हणणं. आणि मी ते चालवून घेत होतो. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं चालवून घेतलं होतं, कारण संध्याकाळी वरती आकडा कळवायचा असतो.

उपांत्य सामना संपला आणि एक काका टेबलापाशी येऊन उभे राहिले. पन्नाशीचे असतील. खिशातून मोबाईलचं एक रबरी कव्हर काढलं, नुसतं कव्हर, आत मोबाईल नाही. त्याच्या पोटातून एक कार्ड ओढून माझ्यासमोर ठेवलं. कडा फुगलेल्या, लॅमिनेशन एका कोपऱ्यात सुटलेलं. अवयवदात्याचं कार्ड. नाव, रक्तगट ‘बी पॉझिटिव्ह’, तारीख.

“साहेब, हे अक्षर तुमचं हाये का?”

माझंच होतं. ‘पॉझिटिव्ह’मधला ट मी जसा काढतो तसाच.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यात मी असंच टेबल मांडून बसलो होतो. काकांचा मुलगा तिथं खेळायला आला होता. तेवीस वर्षांचा. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी रात्री घरी येताना रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. ट्रॉलीला मागं लाल पट्टीसुद्धा नव्हती. यवतमाळहून नागपूरला नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू गेला.

“आंग गरम होतं साहेब. छाती वर-खाली होत होती. डागदर म्हनत, थे मशीन हाये.” चार डॉक्टरांनी तपासलं, किमान सहा तासांचं अंतर ठेवून पुन्हा तपासलं. मग दवाखान्यातल्या अवयवदानाच्या समन्वयक बाईंनी त्यांना एका खोलीत बसवून विचारलं. बाई चांगल्या होत्या, घाई केली नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं.

“त्याच्या मायनं एकच इचारलं. माह्या लेकराचं काय म्हननं होतं? कोनाले मालूम? माले नाही, त्याच्या भावाले नाही. आमी नाही म्हनलं.”

मोबाईल पोलीस स्टेशनात, मोडक्या गाडीबरोबर. तेरवी झाल्यावर हाती आला. स्क्रीन चुराडा झालेली. कव्हर काढलं तर आत हे.

मी काहीच बोललो नाही. त्या घरानं नकार दिला यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपल्या माणसाची इच्छाच ठाऊक नसेल तर गरम अंगाच्या लेकराबद्दल ‘हो’ कुठल्या तोंडानं म्हणायचं? अर्ज भरलेला असला तरी दवाखान्यात शेवटी घरच्यांनाच विचारतात. ज्या घराला हे माहीत असायला हवं होतं, त्याला ते कळवण्याची जागा त्या कागदावर होती. नातेवाईकाच्या सहीची. ती मीच रिकामी सोडली असणार, किंवा ‘भाऊ’ लिहू दिलं असणार. अवयवांना नाही म्हटल्यावरही त्या रात्री डोळे देता आले असते, हेही घरात कोणाला माहीत नव्हतं.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. लपवण्यासारखं उरलं नव्हतं.

काकांनी गठ्ठ्यावरचा एक भरलेला अर्ज ओढला. बोट ठेवून सावकाश वाचत खाली आले.

“हा खाना घरच्यांचा?”

“हो.”

“अन् इथं कोनाची सही हाये?”

मागं उभ्या पोरानं मान खाली घातली. काकांनी माझ्या बाजूची खुर्ची ओढली आणि बसले. त्यानंतर जे झालं ते माझ्या नोकरीत पुन्हा होईल असं वाटत नाही. अर्ज घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कार्ड दाखवायचे, आपली हकीकत दोन वाक्यांत सांगायचे आणि म्हणायचे, “घरी सांगतलं? नाही? मंग पह्यले फोन लाव. त्या टाकीजवळ रेंज हाये.”

पोरं खरंच टाकीजवळ जाऊ लागली. काही तिकडूनच निघून गेली, परत आली नाहीत. एकानं स्पीकरवर फोन लावला, बहुधा काकांना खात्री पटावी म्हणून. रात्रीचे अकरा. पलीकडून माय घाबरलेली, “काय झालं रे? लागलं का?” तो अडखळत सांगू लागला, मी मेलो तर. पुढं तिनं बोलूच दिलं नाही. “असं अभद्र काऊन बोलतं रातच्याले? घरी ये पह्यले!” फोन बंद. पोरगा रडवेला.

काका म्हणाले, “जाय घरी. जेवून घेजो. मंग तिच्याजवळ बसून सांगजो. नाही म्हनली तं नाही. पन तिले मालूम राहू दे.”

अंतिम सामना कोण जिंकलं ते मला आठवत नाही. साठ कोरे अर्ज पोरांनी घरी नेले आणि आधी भरून घेतलेले पस्तीस मी स्वतः बाजूला काढले. त्या रात्री रकाना खऱ्या अर्थानं भरलेले अर्ज होते चार. चौघांचे वडील किंवा भाऊ मैदानातच होते म्हणून. वरती मी चारच कळवले. ‘एवढ्या मोठ्या गर्दीत चार?’ असा फोन आला. हो म्हणालो, चार.

पुढच्या पंधरा दिवसांत पोरं एक-एक करून ओपीडीत येत राहिली. कोणी आईला घेऊन, कोणी बायकोला. टाकीजवळचा तो पोरगा आला नाही. मात्र एका सोमवारी त्याची माय आली, चष्म्याचा नंबर काढायला म्हणून. नंबर काढून झाल्यावर बसूनच राहिली. “त्या कागदावर सही केली तं दवाखान्यात लवकर मारत नाहीत ना?” मी तिला सांगितलं की उपचार करणारे डॉक्टर वेगळे असतात, मेंदूमृत ठरवणाऱ्यांत प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कोणी नसतं, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं काही होत नाही. ती ऐकून गेली. सही केली नाही.

काका त्याच आठवड्यात आले, काकूंना घेऊन. स्वतःचा अर्ज घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. नातेवाईकाच्या रकान्यात काकूंनी सही केली, अक्षर लावत, पेन घट्ट धरून. मग डाव्या डोळ्यावर हात ठेवून मला विचारलं,

“याचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं हाये. चालते का हा डोया?”

“चालतो काकू.”

“मंग माह्याही भरा,” त्या म्हणाल्या आणि सहीसाठी पेन काकांच्या हातात दिला.