झुल्मा कारो वाचायची तर सुरुवात ‘ला पतीत जान’पासून

झुल्मा कारो हे नाव आज निघतं ते फ्रेंच कादंबरीकार बाल्झॅकच्या चरित्रात, त्याला पत्रांतून परखड सल्ला देणारी मैत्रीण म्हणून. तेवढ्यावरच तिची ओळख संपावी, हा अन्याय आहे. खेड्यातल्या मुलींच्या हातात पडेल असं पुस्तक लिहिणारी ती लेखिका होती.

कारोबाई 1796 साली फ्रान्समधल्या इसूदाँला जन्मल्या. ‘ला पतीत जान’ (म्हणजे ‘छोटी जान’) आलं 1852 मध्ये, म्हणजे वयाच्या छप्पनाव्या वर्षी. वेळ नेमकी होती. 1850 च्या फालू कायद्याने, म्हणजे फ्रान्सच्या शिक्षण कायद्याने, 800 किंवा अधिक वस्तीच्या गावांनी, ऐपत असल्यास, मुलींची शाळा काढायची होती, आणि शाळा आली की वर्गात वाचायला पुस्तक हवंच. अशेत प्रकाशनाने हे पुस्तक मुलींच्या प्राथमिक शाळांसाठी म्हणूनच छापलं. फ्रेंच अकादमीने ते गौरवलंही.

पुस्तकाचे भाग चार: जानचं बालपण, चाकरी, संसार, वैधव्य. गोष्ट लग्नाशी थांबत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. वाचणाऱ्या मुलींपुढे जे आयुष्य होतं, तेच त्यात आहे. उपदेश भरपूर आहे, तो गाळून वाचू नका; कारोबाई त्या उपदेशासाठीच लिहीत होत्या. मुलांसाठीचं ‘मोरीस’ (1855) त्यानंतर घ्या. पाण्याच्या थेंबाची रूपांतरं सांगणारं पुस्तक मात्र वेगळ्या जातीचं, निसर्गाकडे वळलेलं.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संग्रहात नुसतं ‘झुल्मा’ टाकून शोधलं तर बाल्झॅकचा पत्रव्यवहारच पुढे येतो. शाळेच्या पुस्तकावर नाव ‘मादाम झेड. कारो’ असं आहे. म्हणून आडनाव आणि पुस्तकाचं नाव एकत्र टाका. आडनावात ‘आर’ दोनदा येतो, आणि शेवटचा ‘डी’ उच्चारात नसला तरी लिहावा लागतो. यंत्राने उतरवलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात. शब्द अडला की पानाचं मूळ चित्र बघा.

फ्रेंच शिकणाऱ्यांची गाडी अडते ती ‘पासे सँप्ल’ या भूतकाळावर. बोलण्यात तो नसतो, कथनात मात्र सतत भेटतो. आधी ‘असणे’, ‘करणे’, ‘येणे’ यांची तृतीयपुरुषी रूपं पाठ करा, निम्मं काम होतं. पैशांचे उल्लेख आले की 20 सू (जुनी फ्रेंच नाणी) म्हणजे 1 फ्रँक हा हिशेब धरा. खेडवळ बोलण्यातला पिस्तोल म्हणजे 10 फ्रँक.