जोगजातलं सेमिस्टर: रिंगरोडच्या वर खोली घेऊ नका, प्लीज

आधीच सांगते, हे मी चिडून लिहितेय. डिपॉझिट परत आलेलं नाही आणि आता येणारही नाही. त्यामुळे बोरोबुदुरचा सूर्योदय वगैरे वाचायला आला असाल तर दुसरीकडे बघा, इथे खोली, रस्ता आणि पैसे एवढंच आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जोगजा म्हणजे योग्याकार्ता, इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं शहर. ऑस्ट्रेलियातल्या युनिव्हर्सिट्यांचं इंडोनेशिया शिकणाऱ्यांसाठी एक नेटवर्क आहे, सगळे त्याला अ‍ॅसिसिसच म्हणतात. 1994 मध्ये मर्डॉक युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड हिल सरांनी सुरू केलं, कारण त्याआधी इंडोनेशियात सेमिस्टर करायचं म्हटलं की व्हिसा मिळायचा नाही, तिकडचे मार्क इकडे धरायचे नाहीत, आणि प्रत्येक पोराने एकट्याने हेलपाटे मारायचे. आता ऑफिस पर्थला, युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आहे. जोगजाला गाजाह मादा युनिव्हर्सिटीत (सगळे यूजीएमच म्हणतात) जाता येतं, मलांगला फील्ड रिसर्च, बोगोरला शेती, बांडुंगला इंटरनॅशनल रिलेशन्स असे पर्याय असतात. माझी फेब्रुवारीची बॅच होती. कागदपत्रं, कॉलेज, क्रेडिट या बाबतीत मला काही म्हणजे काही त्रास झाला नाही, म्हणून त्यावर लिहीत पण नाही. त्रास झाला तो कॅम्पसच्या गेटबाहेर.

आणि भारतातून जाणाऱ्यांनी हे नेटवर्क विसरा, ते मुख्यतः मेंबर युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी आहे. तुमच्यासाठी दार्मासिस्वा, इंडोनेशिया सरकारची स्कॉलरशिप, 1974 पासूनची. भाषा, नाच, गामेलान (तिकडचा वाद्यवृंद), बाटिक असं शिकायचं, डिग्री नाही मिळत, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. पुण्याची एक मुलगी त्यावर आलेली मला भेटली, तिचं पुढे येईलच.

पर्थहून बालीतलं देनपासार साधारण पावणेचार तास, तिथून जोगजा तासाभरावर. नवीन एअरपोर्ट शहरापासून 40-45 किलोमीटर लांब कुलोन प्रोगोमध्ये आहे हे तिकिटावर कुठे लिहिलेलं नसतं, तिथे पण जोगजाच लिहिलेलं असतं. बाहेर आलात की टॅक्सीवाले धावत येतात, त्यांच्याकडे बघायचं पण नाही, सरळ रेल्वेच्या पाट्या बघत चालायचं. एअरपोर्टच्या आतूनच ट्रेन आहे, 40 मिनिटांत तुगू स्टेशन, साधी गाडी 20 हजार रुपियाच्या आसपास. आकड्याने घाबरू नका, एक लाख रुपिया म्हणजे आपले सव्वापाचशेच्या आसपास. रात्री उशिराची फ्लाइट मात्र घेऊ नका, ट्रेन संपते आणि मग टॅक्सीवाला म्हणेल ती किंमत.

आता मुद्द्याचं. तिकडे मुलं कोसमध्ये राहतात. कोस म्हणजे मालकाच्या घरामागे किंवा वेगळ्या बिल्डिंगमध्ये ओळीने खोल्या, पोरांचं कोस वेगळं, पोरींचं वेगळं, काही ठिकाणी मिक्स. भाडं महिन्याचं, तीन महिन्यांचं किंवा वर्षाचं. मला पर्थमध्ये बसल्याबसल्या एका एजंटने मेसेजवर खोली दाखवली. फोटो छान, बाथरूम आत, वायफाय, ‘कॅम्पसला चालत, जाकालवर’, आणि फेब्रुवारीत खोल्या संपतात म्हणून घाई करा. जाकाल म्हणजे जालान कालीउरांग, यूजीएमच्या शेजारून निघून सरळ उत्तरेला मेरापी ज्वालामुखीच्या अंगावर चढत जाणारा रस्ता. मॅपवर जाकाल यूजीएमला खेटूनच दिसतो, मग शंका कशाला येईल.

तर गोम अशी की जाकालवरचे पत्ते किलोमीटरमध्ये असतात. केएम 5 म्हणजे यूजीएमच्या जवळ. माझं कोस निघालं केएम 12 ला. आणि ‘कॅम्पसला चालत’ हे खोटं पण नव्हतं, कारण केएम साडेचौदाला इस्लामिक युनिव्हर्सिटीचा मोठा कॅम्पस आहे, हा तो कॅम्पस! एजंटला विचारलं तर म्हणाला, मी यूजीएम असं कुठे लिहिलं होतं? खरंच नव्हतं लिहिलेलं, मी मेसेज परत परत वाचले.

भाडं सांगितलं 18 लाख रुपिया महिना, तीन महिन्यांचं आगाऊ, वर एका महिन्याचं डिपॉझिट, वर ‘परदेशी नागरिक नोंदणी’ म्हणून 5 लाख. शेजारच्या खोलीतली बांडुंगची मुलगी तेवढ्याच खोलीचे 9 लाख देत होती, तेही दर महिन्याला. नोंदणीचं म्हणाल तर गल्लीच्या तोंडाला पत्र्याची पाटी असते, पाहुण्यांनी 24 तासांत कळवावं अशी, तेवढ्यासाठी मालकीणबाई (तिकडे इबू म्हणतात) पासपोर्टची झेरॉक्स घेऊन वस्तीच्या प्रमुखाकडे गेल्या, चहा पिऊन आल्या, झालं. पैसे लागलेच नाहीत, इबूंनी स्वतः सांगितलं. इबूंबद्दल माझी तक्रार नाही, त्या मला पपई कापून आणून द्यायच्या. सगळा मलिदा मधल्या माणसाने खाल्ला, आणि डिपॉझिट पण त्याच्याकडेच होतं.

वीज वेगळी. दारावर मीटर, दुकानातून नाहीतर फोनवरून टोकन विकत घ्यायचं आणि वीस आकडे दाबायचे. टोकन संपत आलं की मीटर टीं टीं करत बसतो, आणि तो हमखास पहाटे तीनला सुरू होतो. एसी असलेली खोली घेऊ नका, केएम 12 ला तर गरजच नाही.

आता तो रस्ता. केएम 12 वरून सकाळी खाली येणं सोपं, उतारच उतार, सायकलवर पंधरावीस मिनिटं पेडलच मारायला नको. संध्याकाळी परत जाताना कळतं. यूजीएमपासून चढ असा की दिसत नाही पण संपतच नाही, आणि मधे केंतुंगानचा सिग्नल, जिथे जाकाल रिंगरोडला भेटतो. तिथे अंडरपास झालाय पण तो रिंगरोडवाल्यांसाठी, जाकालवाल्यांनी वर सिग्नलला उभंच राहायचं. संध्याकाळचा सिंहगड रोड आठवा आणि त्यात दुपटीने स्कूटर घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस नेमका तीन-चारला येतो, म्हणजे क्लास सुटायला आणि तो पडायला एकच गाठ, आणि मेरापीकडून येणारं पाणी रस्त्याच्या कडेने असं वाहतं की गटार कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नाही. पाऊस सुरू झाला की ओजोल (गोजेक, ग्रॅबचे बाईकवाले) पैसे वाढवतात नाहीतर राईड कॅन्सल करतात. मी केंतुंगानच्या अलीकडे एका फोटोकॉपीच्या दुकानाच्या पत्र्याखाली इतके वेळा उभी राहिलेय की दुकानवाला मास (म्हणजे दादा) मला ओळखायला लागला, स्टूल द्यायचा.

स्कूटर भाड्याने घे असं सगळे सांगतील. लायसन्स बाईकचं नसेल तर अजिबात नको. पडलात की ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारतात आणि मग फाईल बंद. आमच्यातल्या एकाचा पाय मोडला, क्लेम गेला, बिल त्याच्या बाबांनी भरलं.

तर माझा निकाल: यूजीएमला असाल तर खोली रिंगरोडच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, बास. पोगुंग, कारांगवुनी, सागान हे भाग बघा. पोगुंग जरा गजबजलेलं आहे पण कपडे धुणारे किलोवर, जेवण, झेरॉक्स सगळं पायाशी. एरवी सेलोकान मातारामच्या कालव्याच्या कडेने चालत कॅम्पसला जाता येतं. हा कालवा जपानी अमलातला, जोगजाचे नववे सुलतान यांनी जपान्यांना पटवून खणून घेतला म्हणजे इथली माणसं बाहेर वेठबिगारीला नेली जाणार नाहीत, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. मी केएम 12 सोडून शेवटी पोगुंगला आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन झोपले, ते सुख काय सांगू.

आणि आधी बुक करूच नका. पहिले काही दिवस साध्या गेस्टहाऊसमध्ये काढा, मग पायी फिरा. ज्या घरावर ‘तेरिमा कोस’ (कोससाठी खोली मिळेल) पाटी दिसेल तिथे बेल मारायची, आणि बरोबर एखादी इंडोनेशियन मैत्रीण न्यायची, भाव तिला विचारू द्यायचा, तुम्ही मागे हसत उभं राहा. मामीकोस नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर भाव कळण्यापुरतं बघा. पैसे मालकाच्या हातात द्या, पावती घ्या, गेट किती वाजता बंद होतं ते विचारा. पोरींच्या कोसला रात्री नऊ-दहाला कुलूप लागतं, नंतर वाद घालून उपयोग नाही.

दार्मासिस्वाच्या त्या पुण्याच्या मुलीला उलटीच गंमत. ती आयएसआयला (कला शिकवणारी संस्था) नाच शिकायला, ते आहे शहराच्या दक्षिणेला बांतुलमध्ये, आणि तिलाही कोणीतरी ‘स्टुडंट एरिया’ म्हणून जाकालवरच खोली दिलेली! अख्खं शहर रोज आरपार. म्हणजे पत्ता विचारताना शहर नका विचारू, फॅकल्टीची बिल्डिंग विचारा. तिथे सगळे उत्तर-दक्षिण करूनच रस्ता सांगतात, मेरापी दिसला की ती उत्तर, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. पावसात तो दिसत नाही ही वेगळी गोष्ट.

क्लास, गामेलान, प्रांबाननचं रामायण नृत्य, सगळं छान होतं, जा.

शाकाहारी असाल तर टेंपे, टोफू, लोतेक, गाडो-गाडो यावर सहज निभतं, फक्त सांबालमध्ये तेरासी म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, चटणी तेरासीशिवाय द्या असं आधीच सांगायचं. गुदेग फणसाचं असतं म्हणून खूश होऊ नका, बरोबर कोंबडी नाहीतर अंडं येतं, आणि गोड इतकं की पुरणपोळीचा संशय यावा.

फेब्रुवारीची बॅच घेणाऱ्यांनी अजून एक बघा. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दिवसा बऱ्याचशा खानावळी बंद किंवा पडदा लावून चालू, पहाटे तीनला सहूरसाठी (रोजा सुरू होण्याआधीचं जेवण) पोरं ढोल वाजवत गल्लीतून जातात (मीटरच्या टीं टीं सोबत). ईदच्या आठवड्यात अर्धा जावा गावाला निघतो, कोस रिकामं होतं, इबू पण जातात, धुणंवाले बंद. ट्रेनची तिकिटं दीड महिना आधी उघडतात आणि लगेच संपतात, तेव्हा मलांग, सुराबाया कुठे जायचं असेल तर फोनवर अलार्म लावून बसा, पासपोर्ट नंबर हाताशी ठेवा. आणि व्हिसाची तारीख ईदच्या सुट्टीत संपत असेल तर त्याच्या बऱ्याच आधी हलवा, ऑफिसं बंद असतात आणि ओव्हरस्टेचा दंड दिवसाला 10 लाख रुपिया आहे, माझ्या एजंटपेक्षा पण महाग.