कूलर थांबला तेव्हा

मागच्या मे महिन्यात आम्ही चार मित्रांनी नागपुरात, महालातल्या एका जुन्या वाड्यात, लघुपट चित्रित केला. कथा साधी होती: तिन्हीसांजेला एक मुलगी घरी येते आणि घरात आणखी कोणीतरी आहे, हे तिच्या हळूहळू लक्षात येते. तिच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांनीच आमचे तीन आठवडे घेतले.

पहिल्या खेपेला आम्ही सगळेच दाखवून टाकले होते. दार, जिना, भिंतीवरची सावली, मुलीचा घाबरलेला चेहरा, भराभर बदलणारे शॉट आणि खाली चढत जाणारे संगीत. संकलन करताना ते पाहून कोणालाच भीती वाटली नाही. शिवाय चित्रीकरणात कूलर चालूच राहिला होता, त्यामुळे प्रत्येक कटला त्याची घरघर कमीजास्त होई आणि दोन शॉटमधला सांधा कानाला टोचत असे.

त्या दिवसांत मी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ एव्हिल’ या चित्रपटाची (१९५८) सुरुवात पुन्हा पुन्हा पाहिली. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि मग क्रेनवरचा कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ, एकही कट न घेता, त्या गाडीच्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या मागेपुढे फिरत राहतो. गाडीतल्यांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून साधी वाहतूकही जीव टांगणीला लावते. वेल्स यांच्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्च यांनी चित्रपटाचे पुन्हा संकलन केले, तेव्हा या शॉटवरची श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत काढून तिथे गाडीतल्या रेडिओचे व आजूबाजूच्या क्लबांतल्या गाण्यांचे आवाज आणले. माझ्या मते त्यामुळे तो शॉट अधिक धारदार झाला, कारण गाडी चौकटीबाहेर गेली तरी कान तिचा माग सोडत नाही.

आम्ही संगीत काढले आणि पुन्हा वाड्यात गेलो. या वेळी संवाद आणि पावले कूलर बंद करून ध्वनिमुद्रित करायची, आणि कूलरची घरघर वेगळी घेऊन सर्व शॉटखाली सलग अंथरायची, असे ठरले. दुपारी मी बटण बंद केले. पाती मंदावत थांबली, ताट्यांतून निथळणारे पाणी टाकीत टपटपत राहिले आणि आतल्या खोलीत गाढ झोपलेल्या आजींचा आवाज आला, “काहून बंद केला रे कूलर?”

आम्हाला हवी असलेली सुरुवात त्या एका प्रश्नात होती. आता कॅमेरा आम्ही चादरीवर ठेवून शहाबादी फरशीवरून, गुडघ्याच्या उंचीने, मुलीच्या पाठीमागे संथपणे ओढला. तिचा चेहरा शेवटपर्यंत दाखवला नाही. ती चपला काढते, माठातले पाणी पिते, आणि चौकटीबाहेरच्या खोलीतला कूलर थांबतो. डोक्यावरचा पंखा मात्र फिरतच असतो. म्हणजे वीज गेलेली नाही, कोणीतरी बटण दाबले आहे. तिचा पेला ओठांपाशी थांबतो आणि पुढची अकरा सेकंदे फक्त ती टपटप ऐकू येते. ही सेकंदे कमी करावीत, असा दोघांचा आग्रह होता, पण मी ती तशीच ठेवली.

पूर्ण झालेला लघुपट आम्ही त्याच वाड्यात, आवाज नीट ऐकू यावा म्हणून कूलर आधीच बंद करून, दहा-बारा जणांना दाखवला. पडद्यावरची घरघर थांबली तेव्हा आजींसह तिघांनी मान वळवून कोपऱ्यातल्या कूलरकडे पाहिले.