ओसरीत चार टाइल कमी पडल्या, म्हणून या खोलीत ओळी मोजल्या

घराचं काम स्वतःच्या हाताने करणाऱ्या सगळ्यांना रामराम. आमचं घर दारव्हा तालुक्यातलं, जुनं, मातीच्या भिंतींचं. मधल्या खोलीची जमीन आजवर शेणाने सारवत होतो. मागच्या महिन्यात ती खोदली, मुरूम भरला, पाणी मारून चोपला आणि वर कोबा केला. कोबा आता पक्का झालाय. पुढचं काम टाइलचं, पण त्याआधी दोन संध्याकाळी फक्त हिशोबात गेल्या. या नोंदीत तोच हिशोब मांडतोय.

आधी ओसरीचं सांगतो, कारण शिकलो तिथेच. ओसरी २० बाय ७ फूट, म्हणजे १४० चौरस फूट. दुकानात सांगितलं, 'दोन बाय दोनची टाइल म्हणजे ४ फूट, पेटीत ४ टाइल, म्हणजे पेटीला १६ फूट.' त्या हिशोबाने ९ पेट्या आणल्या, ३६ टाइल. काम संपत आलं तर चार टाइल कमी. एकही फुटली नव्हती. पुन्हा एक पेटी आणली, ती दुसऱ्या लॉटची निघाली. रंग किंचित पिवळसर. तुळशीकडच्या कोपऱ्यात त्या चार टाइल आजही वेगळ्या दिसतात, आणि रोज सकाळी चहा प्यायला मी नेमका तिथेच बसतो.

चूक दोन ठिकाणी होती. 'दोन बाय दोन' हे बोलायचं माप. टाइल प्रत्यक्षात ६०० मिलीमीटरची, आणि दोन फूट म्हणजे ६१० च्या जवळपास. त्यामुळे एक टाइल ३.८७५ चौरस फूट भरते आणि पेटी १५.५, सोळा नाही. दुसरी चूक मोठी. ७ फूट म्हणजे २१३४ मिमी, त्यात तीन टाइल पूर्ण बसतात आणि २ मिमीचे सांधे धरून ३२८ मिमी उरतात. एका टाइलमधून ३२८ चे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणजे चौथ्या ओळीलाही दहा टाइल लागणारच. चार ओळी, दहा-दहा टाइल, ४० झाल्या. टोकाच्या पट्ट्या उरलेल्या तुकड्यांतून निघाल्या. हे कागदावर आधी मांडलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आता मधली खोली. मी टेप लावून लांबी-रुंदी लिहून घेतली आणि गावातल्या मिस्त्रीकाकांना दाखवली. ते म्हणाले, "भीत वाकडी हाय ना बाप्पा, अन् तू एकच माप धरून राह्यला?" खरं होतं. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया उथळ असला की भिंत तिच्यासोबत हलते. चारही भिंती वेगवेगळ्या मोजल्या. एक लांबी १४ फूट १ इंच, समोरची १३ फूट ८ इंच. रुंदी दाराकडे १० फूट ६ इंच, मागे १० फूट ४ इंच. मिलीमीटरमध्ये ४२९३ आणि ४१६६, ३२०० आणि ३१५०. टाइलचं काम करायचं तर वहीत मिलीमीटरच लिहा. फूट-इंच आणि टाइलचं माप एकत्र केलं की घोळ होतो.

टाइल ६०० आणि सांधा २, म्हणजे प्रत्येक टाइलला ६०२ धरले. दारापासून पूर्ण टाइलने सुरुवात केली तर लांब भिंतीकडे सात टाइलनंतर ७९ मिमीची चिंचोळी पट्टी उरते, आणि ती आखूड भिंतीकडे जाता जाता संपून जाते. अशी पाचर खोलीत शिरल्या शिरल्या डोळ्यात भरते, आणि कापतानाही तुटते. म्हणून दाराशी अर्धी टाइल घेतली, ३०० च्या आसपास. मग सहा पूर्ण टाइल, आणि मागच्या भिंतीशी एका बाजूला ३७९ तर दुसऱ्या बाजूला २५२ चा तुकडा. उतरतं माप आहेच, पण तुकडे मोठे असल्याने नजरेत येत नाही. रुंदीत पाच पूर्ण टाइल आणि १९० ते १४० ची पट्टी. ती पट्टी धान्याच्या कोठ्या असतात त्या भिंतीला टाकली.

मग एकेक टाइल मोजली. मधल्या सहा ओळी, पाच-पाच, ३०. बाजूच्या सहा पट्ट्या, एका टाइलमधून तीन निघतात, म्हणून २. दाराशी अर्ध्या टाइलचे सहा तुकडे, ३. मागच्या ओळीत तीन मोठ्या तुकड्यांना तीन टाइल, पुढच्या दोघांना मिळून एक (एक तुकडा उलटा फिरवला की दोन्ही एका टाइलमध्ये मावतात), कोपरा उरलेल्यातून. म्हणजे ४. एकूण ३९. नुसत्या क्षेत्रफळाने ३७.३ येत होतं.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायची टाइलची पट्टी, सगळे विसरतात. दोन दारं वजा करून भिंत १२.९८ मीटर. चार इंच म्हणजे १०० मिमीची पट्टी काढली तर एका टाइलमधून पाचच निघतात, कारण कटरचं पातं दर कापाला ३ मिमी खातं. तीच पट्टी ९५ ची ठेवली की सहा निघतात. भिंतीवर पाच मिलीमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. २२ पट्ट्या आणि कोपऱ्यांना दोन जास्त, २४ म्हणजे ४ टाइल. ३९ आणि ४, ४३. अकरा पेट्यांत ४४ येतात, पण एक शिल्लक म्हणजे काहीच नाही. बारा पेट्या घेतल्या. पाच उरतील, त्यातल्या निदान तीन मी माळ्यावर ठेवणार आहे. पाच वर्षांनी एखादी फुटली तर हाच शेड मिळणार नाही.

आता मसाल्याचा, म्हणजे टाइलखालच्या सिमेंट-रेतीचा हिशोब. पाण्याच्या नळीने पातळी धरून, मसाला किती जाड लागेल ते नऊ ठिकाणी मोजलं. कुठे दीड इंच, कुठे पावणेतीन, सरासरी दोन. १४४.५ चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे २४ घनफूट ओला मसाला. कोरडा माल त्याच्या १.३३ पट लागतो, ३२ घनफूट. एकास सहा प्रमाणात सिमेंट साडेचार घनफूट. ५० किलोची बॅग सव्वा घनफुटाची, म्हणजे जवळपास पावणेचार बॅगा, चार आणल्या. टाइलखाली ओतायच्या सिमेंटच्या घोळासाठी वेगळी एक. एकूण पाच.

रेती हिशोबात साडेसत्तावीस घनफूट येते, मी ३५ घेतली. ओली रेती फुगलेली असते, तेवढ्याच घमेल्यात कमी भरते. मी स्वतः करून पाहिलं. एक घमेलं ओली रेती काठोकाठ भरली, ताडपत्रीवर दिवसभर वाळवली आणि परत त्याच घमेल्यात टाकली, तर काठाच्या खाली बसली. शिवाय चाळणीत खडे जातात. सहा घमेली मोजताना हे लक्षात ठेवलं नाही तर सिमेंट जास्त पडतं आणि मसाला आधीच संपतो.

सांधे भरायचं ग्राउट फार लागत नाही. २ मिमीचा सांधा, ९ मिमी जाडी, खोलीला सव्वा किलोच्या आसपास. एक-एक किलोची दोन पाकिटं आणली. आमची ही विट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे भिजवायची गरज नाही. न्हाणीच्या भिंतीला सिरॅमिक लावाल तर ती मात्र आधी बादलीत बुडवून ठेवा.

गुरुवारी टेम्पो आला. उतरवण्याआधी बाराही पेट्यांवरचा शेड नंबर आणि बॅच वाचून घेतली. दोन पेट्या वेगळ्या होत्या, तिथल्या तिथे परत पाठवल्या आणि बदलून मागवल्या. बाकीच्या भिंतीला उभ्या लावल्या आहेत. आईने एका टाइलवर अनवाणी पाय ठेवून पाहिला आणि विचारलं, "उन्हाळ्यात पायाले गार लागंन का?" शेणाच्या जमिनीइतकी नाही, हे मी तिला सांगितलं. दुपारी ती याच खोलीत निजते, म्हणून दोन खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचं ठरलंय.

आज दाराच्या भिंतीवरून ६-८-१० चा गुण्या धरून सूत बांधलं. एका बाजूला ६ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ८ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० आलं की कोन काटकोन. पहिल्यांदा १० फूट पाऊण इंच आलं, मग सूत सरकवलं. त्या सुताला लावून पाच टाइल मसाल्याशिवाय मांडून पाहिल्या. कोठ्यांच्या बाजूला १८८ उरले, कागदावर १९० होते.

रविवारी पहाटे पहिली ओळ. ऊन तापायच्या आत दाराकडचे अर्धे तुकडे बसवायचे आहेत.