वाद्यवृंद-संचालनाची प्रवेशपरीक्षा : माझा अनुभव

वाद्यवृंद-संचालनाच्या पदवीसाठी जर्मनीतील एका संगीत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा मी दोनदा दिली आणि पहिल्या खेपेस नापास झालो. झुबिन मेहता १९५४ साली, वयाच्या १८व्या वर्षी, मुंबईहून व्हिएन्नाला शिकायला गेले होते. मी २४ वर्षांचा होतो आणि झालेल्या उशिराची भरपाई पाठांतराने होईल, अशी माझी समजूत होती.

परीक्षेचा मोठा भाग पियानोवर असतो, हे सहसा कोणाला ठाऊक नसते. वाद्यवृंदाची पूर्ण स्वरलिपी पाहताक्षणी वाजवायची. त्यात व्हायोलाची ओळ वेगळ्या क्लेफमध्ये (कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे ठरवणाऱ्या चिन्हात) असते, बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा स्वर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो, आणि हे सारे मनात उलगडत बोटांत उतरवायचे असते. ते मी अडखळत का होईना, निभावले.

अडलो ते बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीच्या आरंभावर. परीक्षेत वाद्यवृंद नव्हताच. दोन पियानोंवर दोन वादक बसले होते आणि माझ्या हाताकडे पाहून वाजवणार होते. या रचनेच्या एका मापात, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या खंडात, दोन मात्रा असल्या, तरी वेग असा की संचालक मापाला एकच ठोका देतो, आणि पहिलेच माप अर्ध्या मात्रेच्या विरामाने सुरू होते. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर सम रिकामी जाते आणि तिच्यामागून तीन स्वर धावत येतात. धास्तीने मी आधी दोन ठोके मोजून दाखवले; एक वादक दुसऱ्याच ठोक्याला निघाला, दुसरा थांबून राहिला. पुन्हा संधी मिळाली तेव्हा मी हात अधिक जोरात आपटला, आणि गोंधळ वाढला.

पुढचे वर्ष मी प्रामुख्याने आरंभाच्या त्या पाच मापांवर घालवले. बेथोवेनने दिलेला वेग मिनिटाला १०८ मापांचा आहे; तो हात वर जाताना घेतलेल्या श्वासातच कळावा लागतो, कारण हात खाली येईपर्यंत वादकांचे ठरून गेलेले असते. शिवाय या मापांत दोन स्वर लांबवून धरायचे असतात; त्यांतला दुसरा पहिल्यापेक्षा एका मापाने मोठा आहे, आणि तो कुठे सोडायचा हे मनाशी पक्के नसेल तर पुढचा इशारा डळमळतो.

दुसऱ्या खेपेस दोघे वादक एकत्र निघाले. परीक्षकांनी मध्येच थांबवून तेच थोडे संथ मागितले, तेही जमले, आणि संध्याकाळी दाराबाहेर लागलेल्या यादीत माझे नाव होते.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि बहुतेक दुपारी ऑपेराच्या गायकांच्या तालमींना पियानो वाजवतो. विख्यात संचालक गेऑर्ग शोल्टी यांनीही बुडापेस्टच्या ऑपेरात अशाच कामाने सुरुवात केली होती. संचालनाची छडी हाती येते ती आठवड्यातून २० मिनिटे, तीही दोन पियानोंसमोर.